पहिल्या काही रात्रींचं काय? परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांना सोलापुरातून खुलं पत्र

प्रति,
परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांचे अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणी सदस्य

स.न.वि.वि.

तुमच्या ढोलपथकांचे व्हिडिओ आम्ही इथं सोलापुरात बसून आवडीनं बघतो. लंडनच्या थंडीत नऊवारी नेसून लेझीम खेळणाऱ्या बायका दिसल्या की आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या 'परत लाव गं' म्हणून मागं लागतात. तेव्हा हे पत्र तुमच्या कार्यक्रमांना नावं ठेवायला लिहिलेलं नाही. एक मागणं आहे. वार्षिक सभेत एक ठराव करून भागेल, इतकं ते साधं आहे. पण ते का मागते आहे हे कळायला थोडं सविस्तर सांगावं लागेल.

मी महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. घर पूर्व भागात. सोलापूर ठाऊक असलेल्यांना एवढ्यावरून कळेल की आम्ही घरात तेलुगू बोलतो आणि उंबरा ओलांडला की मराठी. माझ्या चुलत बहिणीची मुलगी याच भागात वाढली. आजीच्या शेजारी बसून विडीची पानं कापत तिनं दहावी केली, मग पॉलिटेक्निक. लग्न झालं, मुलगी झाली, आणि नवऱ्याला संगणकाच्या कामासाठी ब्रिटनचा व्हिसा मिळाल्यावर त्याची 'डिपेंडंट', म्हणजे त्याच्या व्हिसावर अवलंबून असलेली जोडीदार, म्हणून ती लेकराला घेऊन लंडनला गेली. तिथं एका गोदामात पॅकिंगचं काम करायची, पगार नवऱ्याच्या खात्यात जायचा. गेल्या हिवाळ्यात नवऱ्यानं दुसऱ्या शहरात नोकरी धरली. 'घर बघतो आणि तुम्हाला न्यायला येतो' म्हणाला, तो आलाच नाही. फ्लॅटचा करार त्याच्या एकट्याच्या नावावर होता आणि त्यानं घरमालकाला परस्पर नोटीस देऊन ठेवली होती. एजंट नवीन भाडेकरूंना खोल्या दाखवायला घेऊन आला, तेव्हा हिला हे कळलं.

दोघांत काय बिनसलं, चूक कोणाची, हे मी लिहिणार नाही. तुम्हीही विचारू नये, असं माझं म्हणणं आहे. त्याचं कारण पुढं येईल.

'मग परत का नाही आली?' हा प्रश्न इथं प्रत्येकानं विचारला आणि तुमच्याकडच्यांनीही विचारला. माहेर आहे, आईवडील आहेत, तिकिटाचे पैसे आम्ही गोळा केले असते. पण मुलीचा पासपोर्ट नवऱ्यानं सोबत नेला होता. तो असता तरी प्रश्न सुटला नसता. इंग्लंडमध्ये १९८४ चा मुलांच्या अपहरणाचा कायदा आहे. वडिलांची संमती किंवा कोर्टाची परवानगी नसताना सोळा वर्षांखालचं मूल देशाबाहेर नेलं तर ते नेणारी आई असली तरी तो गुन्हा होतो. त्यात भारतानं १९८० च्या हेग करारावर सही केलेली नाही. एकदा मूल भारतात गेलं की त्या कराराच्या वाटेनं ते परत मागता येत नाही, म्हणून तिथली कोर्टं अशा प्रकरणात जास्तच सावध असतात. 'लेकराला उचल आणि विमानात बस' असं सोलापुरातून फोनवर सांगणारा मामा तिला मदत करतोय असं त्याला वाटतं. खरं तर तो तिला तुरुंगाच्या दारात उभं करत असतो. एका शहाण्या माणसानं तर विचारलं की पोरगी तिकडं जन्मली असती तर नागरिक झाली असती ना? नसती झाली. १९८३ पासून तिथं नुसत्या जन्मानं नागरिकत्व मिळत नाही, आई किंवा बाप तिथला नागरिक तरी लागतो किंवा कायमच्या वास्तव्याचा परवाना असलेला तरी.

आता व्हिसा. अशा व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' अशी अट असते. घरभाड्याची मदत, मुलांचा भत्ता, बेघरांना नगर कौन्सिल देते ते घर, हे सगळं या एका अटीनं बंद होतं. मारहाण किंवा छळ झालेल्या बायकांसाठी तिथं आसरागृहं आहेत. पण तिथल्या खोलीचं भाडं बहुतेक वेळा सरकारच्या घरभाडे मदतीतूनच येतं. त्यामुळे ज्या बाईला ती मदत मिळू शकत नाही तिला त्यांनाही पुष्कळदा नाही म्हणावं लागतं. आणि तो व्हिसा दाखवायचा कसा? पूर्वी हातात कार्ड असायचं. २०२४ च्या शेवटी त्या कार्डांची मुदत संपली आणि सगळं ऑनलाइन खात्यात गेलं. आमच्या भाचीचं खातं उघडलं होतं नवऱ्यानं, त्याच्या ईमेलवर, त्याच्या मोबाइल नंबरवर. आपण या देशात कायदेशीर राहतो हे सिद्ध करायचा कोड त्याच्या फोनवर जात होता.

वर टांगती तलवार अशी की, संसार मोडल्याचं नवऱ्यानं गृहखात्याला कळवलं की डिपेंडंटचा व्हिसा छाटला जातो, साधारण ६० दिवसांवर आणून ठेवतात.

एवढं वाचून सगळ्या वाटा बंद आहेत असं वाटेल. तसं नाही, म्हणून तर तुम्हाला लिहिते आहे. शाळा त्या अटीत येत नाही. लेकराची शाळा चालू राहते आणि लंडनच्या सरकारी प्राथमिक शाळेत सप्टेंबर २०२३ पासून सगळ्याच मुलांना दुपारचं जेवण फुकट आहे. दवाखानाही बंद होत नाही, त्याचा अधिभार व्हिसाच्या वेळीच आगाऊ भरून घेतलेला असतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे १९८९ च्या मुलांच्या कायद्याचं १७ वं कलम. आपल्या हद्दीत गरजू मूल असेल तर त्याच्या कल्याणाची जबाबदारी कौन्सिलवर आहे, आणि त्यासाठी आई-लेकराला एकत्र छप्पर आणि खर्चाला पैसे देता येतात. ही मदत 'पब्लिक फंड्स'च्या यादीत नाही. म्हणजे व्हिसावर ती अट असली तरी मागता येते. आणखी एक वाट फेब्रुवारी २०२४ पासून मोठी झाली. छळामुळे संसार मोडलेल्या परदेशी जोडीदाराला तीन महिन्यांची सवलत मिळते आणि त्या काळात सरकारी मदत घेता येते. आधी ती मुख्यतः तिथल्या नागरिकांच्या आणि तिथं कायम स्थायिक झालेल्यांच्या जोडीदारांसाठी होती, आता नोकरीच्या आणि विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांच्या जोडीदारांनाही लागू झाली. छळ म्हणजे फक्त मारहाण असंही नाही. २०२१ च्या घरगुती अत्याचाराच्या कायद्यात पैशांची कोंडी करणं स्पष्ट लिहिलेलं आहे.

कायदा इतका आहे. आता ही बाई कौन्सिलच्या कचेरीत गेल्यावर काय झालं ते सांगते. कचेरीचं नाव लिहीत नाही.

पहिल्यांदा सांगितलं, तुमच्या व्हिसावर अट आहे, तुम्हाला काही मिळणार नाही. हे खरं होतं, पण ती जे मागायला गेली होती त्याच्याशी त्याचा संबंध नव्हता. मागायचं नेमकं काय हेच तिला माहीत नसल्यानं ती गप्प उठून आली. मग सांगितलं, भारतात परत जायचं असेल तर तिकिटाचं बघू. मुलीला नेता येत नाही हे तिनं मोडक्या इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला. तिचं इंग्रजी तसं वाईट नाही, पण हातात पिशव्या आणि कडेला पेंगलेलं लेकरू असताना भाषा तोंडातच अडकते. मग तिसरं वाक्य आलं, 'मुलीची सोय आम्ही करू शकतो. तुमची नाही.' त्या वाक्यानंतर ती पुन्हा त्या दारात जायला तयार होईना. आपलं पोर काढून घेतील ही भीती तिच्या अंगात बसली. अशा बायकांबरोबर काम करणारे लोक सांगतात की हे वाक्य पुष्कळ जणींना ऐकवलं जातं आणि पुष्कळ जणी तिथूनच माघारी फिरतात.

पुढं एका विधी सल्ला केंद्रातल्या वकील बाईनं दोन परिच्छेदांचं पत्र पाठवलं. त्यात १७ व्या कलमाचा उल्लेख होता आणि उत्तर कधीपर्यंत पाहिजे ती तारीख होती. त्याच कचेरीनं एक खोली दिली. स्वयंपाकघर सामाईक आहे, खिडकी भिंतीकडं उघडते, पण दाराला आतून कडी आहे. कायदा तोच होता, कचेरी तीच होती. बदललं एवढंच की हिच्या बाजूनं कोणीतरी बोलणारं आहे हे समोरच्याला कळलं.

पण फ्लॅट सोडल्यापासून ते पत्र जाईपर्यंतच्या रात्री कुठं काढायच्या? माझं सगळं म्हणणं या रात्रींबद्दल आहे. याच दिवसांत बाई हरते. बसस्टॉपवर बसून राहते, नाहीतर नवऱ्याच्या मित्राच्या घरी 'दोन दिवस' जाते आणि तिथं नको त्या अटी ऐकते, नाहीतर नवऱ्याचे पाय धरायला जाते.

आता मंडळाचं. कोणतं मंडळ ते सांगणार नाही. हिचा नवरा त्यांच्या ढोलपथकात होता, हिनं त्यांच्या दिवाळी फराळाला शेंगाचटणी आणि कडक भाकरी करून दिल्या होत्या. तिनं पदाधिकाऱ्यांना फोन केला. उत्तर आलं, 'आपली संस्था सांस्कृतिक आहे, कोणाच्या वैयक्तिक बाबतीत पडत नाही.' बरं, न पडोत. पण त्याच संध्याकाळी कोणीतरी सद्भावनेनं, मी सद्भावनेनंच म्हणते, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं की अमुक भगिनी अडचणीत आहेत, कोणाकडं खोली असल्यास कळवा. नाव आणि नंबरासकट. ग्रुपमध्ये नवराही होता. रात्री त्याचा फोन आला, तो काय बोलला ते लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी मंडळातल्याच एक काकू म्हणाल्या, 'तुम्ही तेलुगू ना? मग तेलुगू असोसिएशनला का नाही विचारत?'

काकू, तुम्ही हे वाचत असाल तर ऐका. या मुलीची शाळा मराठी. तिच्या शाळेत पंधरा ऑगस्टला सोलापूरच्या चार हुतात्म्यांची नावं म्हटली जायची, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ ला चौघं फासावर गेले. ही चार नावं एका दमात म्हणून बघा आणि मग सांगा कोणत्या असोसिएशनकडं कोणाला पाठवायचं. आमचे आजे-पणजे तेलंगणातून विणकाम घेऊन या गावात आले तेव्हा पहिले कित्येक महिने कोणाच्या तरी कारखान्यात, मागाच्या बाजूला पथारी टाकून झोपले. कारखानदार काही संत नव्हता, त्याला स्वस्त हात हवे होते. पण रात्री छप्पर होतं आणि 'तुझं लग्न टिकलं का' हे त्यानं विचारलं नव्हतं. याच गावातल्या विडी वळणाऱ्या बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढून कुंभारीच्या माळावर दहा हजार घरांची वसाहत उभी करून घेतली. छप्पर मागायची लाज वाटत नाही अशा बायकांची ही नात आहे. तुमच्या दारात तिला लाज वाटली, हे तुमच्या दाराबद्दल काहीतरी सांगतं.

शेवटी तिला घरात घेतलं ते लेकराच्या शाळेतल्या एका मैत्रिणीच्या आईनं. बाई नलगोंड्याकडची, तेलुगू बोलणारी. म्हणजे काकूंचं म्हणणं तसं बरोबरच निघालं म्हणायचं! दुपारचं जेवण काही दिवस गुरुद्वाऱ्यातल्या लंगरात झालं. तिथं कोणी काही विचारलं नाही.

मागणं असं आहे. मंडळाच्या खात्यात थोडी रक्कम बाजूला ठेवा, आई आणि लेकराला एखाद्या साध्या हॉटेलात तीन-चार रात्री राहता येईल एवढीच. ढोल-ताशांची कातडी बदलायला खर्च होतो, तेवढ्यात हे बसेल असा माझा अंदाज आहे. खोली कोणाच्या घरात नको. घर म्हटलं की ओळख येते, ओळख आली की समजूत घालणं येतं, आणि नवऱ्याला पत्ता कळायला वेळ लागत नाही. दुसरं म्हणजे, दोन बायका नेमा ज्यांचा फोन वेगळा असेल आणि ज्या आलेली गोष्ट कार्यकारिणीलाही नावासकट सांगणार नाहीत, पतिराजांना तर नाहीच. अध्यक्षांना फक्त इतकं कळावं की रक्कम खर्च झाली. आणि त्या दोघींपैकी एकीनं कौन्सिलच्या कचेरीत तिच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसावं. बोलायची गरज नाही. वही काढून समोरच्याचं नाव, वेळ आणि तो जे बोलला ते लिहून घ्यायचं. मी चाळीस पोरांचा वर्ग सांभाळलेली बाई आहे, वही उघडली की आवाज कसा खाली येतो हे मला माहीत आहे. कचेरी बंद झाली असेल तर कौन्सिलचा रात्रपाळीचा फोन असतो, तो लावायचा. घरात छळ होणाऱ्या बायकांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन ०८०८ २००० २४७, चोवीस तास, फुकट. दक्षिण आशियातल्या बायकांसाठी साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ही संस्था १९७९ पासून याच कामात आहे, त्यांचा नंबर त्या दोघींच्या फोनमध्ये असायला हवा.

एक गोष्ट मात्र करू नका. व्हिसाबद्दल सल्ला देऊ नका. मंडळात एखादे काका असतातच ज्यांना गृहखात्याचे सगळे नियम पाठ असतात. ब्रिटनमध्ये नोंदणी नसताना असा सल्ला देण्याचं काम करणं १९९९ च्या कायद्यानं गुन्हा आहे. आणि सल्ला चुकीचा असेल तर भोगायचं तिनं. ती तीन महिन्यांची सवलत मी वर सांगितली ना, ती घेतली की आधीचा व्हिसा जातो. नवरा तिथला कायम रहिवासी असेल तर पुढची वाट आहे, नोकरीच्या व्हिसावर असेल तर तीन महिन्यांनंतर काय, हे अर्ज करण्याआधी वकिलानंच सांगायला हवं. काकांनी गाडी चालवावी, वकिलाकडं नेऊन सोडावं. तेही मोठं काम आहे.

उच्चायुक्तालयाचा विषयही तुमच्याच हातात आहे. भारत सरकारनं २००९ मध्ये परदेशातल्या वकिलातींसाठी भारतीय समुदाय कल्याण निधी सुरू केला. अडचणीतल्या भारतीयांना तात्पुरता निवारा, टाकलेल्या बायकांना वकिलाची मदत, परतीचं तिकीट, असे खर्च त्यातून करता येतात, गरज तपासून. त्यात पैसा येतो तो तुम्ही पासपोर्ट नवा करायला जाता तेव्हा घेतल्या जाणाऱ्या छोट्याशा शुल्कातून. म्हणजे भाचीचाही त्यात वाटा होता, तिला माहीत नव्हतं इतकंच. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार घालता येते, आम्ही इथून घातलीही. पण एकट्या बाईच्या अर्जापेक्षा मंडळाच्या लेटरहेडवरच्या चार ओळी लवकर वाचल्या जातात, कारण पंधरा ऑगस्टला त्याच कचेरीच्या हिरवळीवर तुम्ही लेझीम खेळायला जाता.

तुम्ही म्हणाल, आमची संस्था सांस्कृतिक, घटनेत हे बसत नाही. ज्यांची धर्मादाय नोंदणी आहे त्यांनी आपली घटना एकदा काढून उद्देशांचं कलम वाचावं. नसेल बसत तर वार्षिक सभा कशासाठी असते? तुम्ही असंही म्हणाल की एक बाजू ऐकून आम्ही कसं ठरवायचं, नवराही आपलाच सभासद. अहो, ठरवायचंच नाही. म्हणून मी सुरुवातीलाच म्हटलं, चूक कोणाची ते विचारू नका. निवाडा करायला तिथं कोर्ट आहे. रात्री दहा वाजता लेकरू घेऊन रस्त्यावर असलेल्या बाईला खोली देणं म्हणजे तिच्या बाजूनं निकाल देणं नव्हे. उद्या एखादा बाप लेकराला घेऊन असाच उभा राहिला तर त्यालाही द्या.

आमच्याकडून काय होईल तेही सांगते. अशा प्रकरणात कागद लागतात आणि ते बहुतेक इथं असतात. लग्नाचा नोंदणी दाखला, मुलाचा जन्मदाखला, त्यावर परदेशात कागद चालावा म्हणून लागणारा अपोस्टिलचा शिक्का, शाळा सोडल्याचे दाखले, जुन्या पासपोर्टच्या प्रती. परदेशात बसून महापालिकेतला दाखला काढणं काय असतं हे तुम्हाला मी सांगायला नको. आम्ही काही निवृत्त शिक्षिका मिळून सोलापूर जिल्ह्यातल्या कोणत्याही मुलीसाठी हे धावपळीचं काम करू. ती घरात कुठली भाषा बोलते ते विचारणार नाही.

येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या. ठराव झाला तर त्या दोघींचा नंबर गणपतीच्या कार्यक्रमपत्रिकेवर प्रायोजकांच्या जाहिरातींच्या वर छापा. आणि त्याच नंबराचा एक कागद हॉलमधल्या बायकांच्या स्वच्छतागृहात, दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. नवऱ्याच्या नजरेआड नंबर उतरवून घ्यायला तिला तीच एक जागा असते.

कळावे,
पूर्व भागातली एक निवृत्त शिक्षिका
सोलापूर